मन ऐकायच्या कामातली उमेदवारी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

आमच्याकडं उमेदवारी म्हटलं की उद्यमबागेतली फौंड्री डोळ्यांसमोर येते, नाहीतर टेलरच्या दुकानात काजं-बटणं करत बसलेला पोरगा. माणसाचं ऐकून घ्यायचीही उमेदवारी असते, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कागद लागला होता: तरुणांसोबत काम, मराठी-कन्नड यायला हवं, अनुभवाची अट नाही, मानधन मिळेल. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "म्हणजे येड्यांचं काम काय गं?" आईनं एवढंच विचारलं, "लग्नाच्या वेळी काय सांगायचं?"

दोन वर्षं ती उमेदवारी केली. आता नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आहे. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. खाली येणारे प्रसंग एकेका माणसाचे नाहीत. चार-पाच जणांचे जोडलेत, गावं आणि खाणाखुणा बदलल्यात.

आधी काम समजून घ्या

तुम्ही डॉक्टर होणार नाही, औषध देणार नाही, आजाराला नाव देणार नाही. तुमच्याच वयाच्या, किंवा तुमच्याहून चार-पाच वर्षांनी लहान पोरांशी नीट बोलायचं, ऐकायचं, कुणाला पुढे पाठवायला हवं ते ओळखायचं आणि तिथपर्यंत सोबत जायचं. बस, एवढंच. पण हे एवढंच शिकायला वर्ष जातं.

तरुणच का, असं लोक विचारतात. मनाच्या आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात आणि पंचविशीच्या आसपास तीन चतुर्थांश. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते असं निघालं. एवढे डॉक्टर येणार कुठून? म्हणून जगभर साध्या माणसांना शिकवून कामाला लावायचे प्रयोग झाले. झिंबाब्वेतल्या हरारेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञानं २००६ पासून आज्यांना लोकांचं ऐकायला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. इंग्लंडमध्ये शाळांसाठी अशीच पदं आहेत, वर्षभर विद्यापीठात शिकायचं आणि त्याच वेळी पगार घेऊन शाळेत काम करायचं. आणि आपल्याला अगदी जवळचं म्हणजे गोवा. चोर्ला घाट उतरला की पलीकडं. तिथं संगाथ ही संस्था १९९६ पासून आहे. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून त्याचा खरंच उपयोग होतो का, हे तिथं रीतसर तपासलं गेलं, आणि होतो असं दिसलं.

आपल्या भागाचे ताण मात्र आपलेच. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी, सोबत कन्नड. नव्वद टक्केवाला पोरगा पहिल्या चाचणीत आपटतो आणि घरी सांगत नाही. निपाणीकडं आई विड्या वळून शिकवतेय, त्याचं ओझं पोरीच्या डोक्यावर. वडगाव-शहापुरात माग बंद पडलेलं घर. आणि भरती. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, पहाटे चारला रस्त्यावर धावणारी पोरं बघत आपण मोठं झालो. अग्निपथ योजना २०२२ ला आली, तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस ठरली. भरतीचं वय उलटलं की तो पोरगा काय करतो, हे कुणी विचारत नाही. तो तुमच्याकडं येऊन "मला नैराश्य आलंय" म्हणणार नाही. तो म्हणेल, "पायात जीव राहिला न्हाई ताई." हे वाक्य ज्याला ऐकू येतं, त्याची या कामाला गरज आहे.

जागा शोधणं

आपल्याकडच्या जाहिरातीत अप्रेंटिस हा शब्द क्वचित दिसतो. ट्रेनी, फेलो, फील्ड वर्कर, परिवर्तक अशी नावं असतात. कर्नाटक सरकारच्या युवजन सबलीकरण आणि क्रीडा खात्याचा निम्हान्ससोबतचा 'युवा स्पंदन' कार्यक्रम आहे, १५ ते ३५ वयासाठी. त्यात गावपातळीवर काम करणाऱ्या तरुणांना युवा परिवर्तक म्हणतात. बेळगावात क्रीडा खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर अर्धवट उत्तर मिळतं. वय १५ ते १९ असेल तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावचे पीअर एज्युकेटर असतात, आशाताईंना विचारलं की कळतं. सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीनांच्या ओपीडीला आपल्या राज्यात स्नेहा क्लिनिक म्हणतात, तेही एकदा बघून या. बाकी एनजीओ, कॉलेजं आणि एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचं, फील्डवर्क.

पैशाचं आधी बोला, लाजू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार असेल, तर तो सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो आणि स्टायपेंड ठरलेला असतो. तसा नसेल तर तुम्ही मानधनावर आहात, मग किती, कुठल्या तारखेला, प्रवासखर्च वेगळा का, हे कागदावर घ्या. जांबोटीहून बेळगावला रोज येणाऱ्याचं निम्मं मानधन बसला जातं. "समाजसेवा आहे, पैशाकडं काय बघतोस" म्हणणाऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा पगार महिन्याच्या कितव्या तारखेला होतो ते विचारावंसं वाटतं. विचारू नका, पण तिथून उठा.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा

प्रश्न असा: "मी ऐकलेलं मी कुणाला सांगायचं, आणि किती वेळा?"

चांगल्या ठिकाणी लगेच उत्तर येतं: दर आठवड्याला एक तास, अमुक मॅडमसोबत, ठरलेल्या वारी. याला सुपरव्हिजन म्हणतात. आम्ही नुसतं 'तास' म्हणतो. "काही अडचण आली तर आम्ही आहोतच की" असं उत्तर आलं तर समजा, कुणी नाही. मानधन थोडं कमी असलं तरी चालेल, पण तासाशिवायचं काम घेऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

का, ते सांगते. माझ्या पहिल्या जागी सुपरव्हायझर नोकरी सोडून गेली आणि तीन महिने दुसरी आलीच नाही. मी कामाला लागलेली, उत्साह भरलेला. एका पोरीला माझा खाजगी नंबर दिला. मग रात्री एकला फोन, दोनला मेसेज. मी उशाशी फोन घेऊन झोपायची. नंतर झोपायचीच नाही. माझ्या स्वतःच्या बारावीच्या वर्षाची गोष्ट तिच्या गोष्टीत मिसळायला लागली आणि कुठलं दुखणं कुणाचं ते कळेना. एके दिवशी संगोळ्ळी रायण्णा सर्कलला सिग्नलवर उभी होते आणि सिग्नल हिरवा होऊन गेला तरी गाडी पुढं घेतली नाही, मागून हॉर्न वाजत होते. ती पोरगी पुढे सावरली. मला सावरायला जास्त वेळ लागला. चूक ना तिची, ना फोनची. ऐकलेलं ओतायला जागाच नव्हती.

या कामाला बऱ्याचदा स्वतः काहीतरी सोसलेली पोरंच येतात. त्यांना घेतातही त्यासाठीच. पण तुमचं सोसणं ही तुमची शिदोरी आहे, रोज दुसऱ्याच्या पानात वाढायची नाही. मुलाखतीत कुणी तुमच्या आजारपणाची सगळी हकीकत मागू लागलं, तर "मी यातून गेलोय, आता बरा आहे, बाकीचं तासाला बोलेन" एवढं पुरे.

पहिले दोन महिने: बसा आणि बघा

सीनिअर बोलत असताना बाजूला बसायचं, तेही समोरच्यानं हो म्हटलं तर. मध्ये बोलायचं नाही. बाहेर आल्यावर वहीत तीन गोष्टी लिहायच्या: त्यानं काय सांगितलं, कुठं थांबला, आणि त्या वेळी माझ्या पोटात काय झालं. तिसरी गोष्ट बहुतेकजण लिहीत नाहीत, आणि तासाला तीच सगळ्यात कामाची असते. वहीत नाव नाही, गाव नाही, नुसतं अक्षर. वही ऑफिसच्या कपाटात राहते, घरी येत नाही. एका उमेदवाराची वही घरी भावानं वाचली होती. ओळखीचा पोरगा निघाला.

बसायची जागा ठरवताना समोरासमोर टेबल नको. कोपऱ्याला काटकोनात दोन खुर्च्या ठेवा, म्हणजे नजर चुकवायची असेल तर चुकवता येते. मुलगे बसून फारसं बोलत नाहीत. त्यांना चालायला न्या, किंवा चहाच्या गाड्यावर. खानापूरकडच्या एका पोरानं तीन वेळा खुर्चीत बसून नुसतं "काय न्हाई" म्हटलं आणि चौथ्यांदा मलप्रभेच्या घाटावर उभं राहून पाऊण तास बोलला.

ऐकणं

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शक काढलं. त्याचा गाभा तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. पहिला आणि तिसरा शब्द लवकर येतो. मधला येत नाही, कारण आपल्याकडं ऐकणं म्हणजे सल्ला द्यायला आपली पाळी येईपर्यंत थांबणं.

सराव असा करा. दोघं दोघं बसा. एकानं पाच मिनिटं आपलं छोटंसं खरं टेन्शन सांगायचं, दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, स्वतःचं उदाहरण द्यायचं नाही, "होईल सगळं नीट" म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटांच्या पुढं कुणी टिकत नाही. समोरचा गप्प झाला तर मनात दहा अंक मोजा. आठाला-नवाला खरी गोष्ट बाहेर येते.

एक नमुना देते.

"कॉलेजला जायचं मन होत नाही ताई."
"कधीपासनं होईना झालंय?"
"दिवाळीपासनं."
"दिवाळीच्या आसपास काय झालं व्हतं?"
"काय न्हाई..." (इथं गप्प राहा.) "बाबानी बाईक विकली. माझ्या फीसाठी."
"आणि ते तुला लागलं."
"रोज चालत जातात कारखान्याला."

यात उमेदवार पोरीनं एकही शहाणपणाचं वाक्य बोललं नाही. "बाबांचे कष्ट बघ आणि अभ्यास कर" हे वाक्य जिभेवर आलं होतं, असं तिनं तासाला कबूल केलं. ते तोंडातून बाहेर पडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्या पोराला हे वाक्य घरी दिवसातून चारदा ऐकायला मिळतच होतं.

शब्द त्यांचेच वापरा. "करमंना", "डोकं धरलंय", "छातीत धडधडतंय", "मन लागंना" यातलं जे त्यानं म्हटलं, तेच तुम्ही परत म्हणा. डिप्रेशन, अँक्झायटी हे शब्द रीलमधून आलेत, पोरं स्वतःच वापरतात. त्यांनी वापरले तर विचारा, "तुला म्हणजे नेमकं काय होतं?" आणि "बाहेरचं झालंय", "देवाचं आहे" असं घरचे म्हणत असतील तर वाद घालू नका. सौंदत्तीला यल्लम्माकडं जाऊन आलात, बरं वाटलं का, झोप लागली का, असं विचारा. देवाला जाणं आणि डॉक्टरकडं जाणं एकाच आठवड्यात होऊ शकतं. आमच्याकडची बहुतेक घरं तशीच तयार होतात.

आता भाषेचं. मराठी पोरं मराठीतच मोकळं बोलतील, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. एक पोरगी घरची सगळी भांडणं मराठीत सांगायची, पण आपल्याला आवडणाऱ्या मुलाबद्दल फक्त कन्नडमध्ये बोलायची. घरच्या भाषेत तो शब्द उच्चारायचीच लाज. तेव्हा कन्नड कामापुरती तरी शिका, उर्दू-कोंकणी कानावर पडू द्या. सीमेच्या वादावर तुमचं जे काही मत आहे ते खोलीबाहेर चपलांसोबत ठेवा. १ नोव्हेंबरला कुणाचा राज्योत्सव असतो, कुणाचा काळा दिवस. त्या दिवशी खोलीत येणारा पोरगा यातला कुठलाही असू शकतो आणि त्याला कदाचित रात्री झोप येत नाही एवढंच सांगायचं असतं.

गुप्तता, आणि गावात ती पाळणं

पहिल्याच भेटीत, गोष्ट सुरू व्हायच्या आधी सांगा: "तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला पुढं सांगावं लागतं. आणि आठवड्याला मी माझ्या मॅडमशी बोलते, तुझं नाव न घेता." अत्याचाराच्या बाबतीत ही कायद्याची सक्ती आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायला हवं, न कळवणं गुन्हा आहे. हे आधी सांगितलं नाही आणि मग कळवलं, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा फसल्यासारखं होतं. पोलिसांकडं एकट्यानं पळायचं नाही, लगेच सुपरव्हायझरला फोन. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

शहरातल्या पुस्तकांत न लिहिलेली अडचण म्हणजे गाव. बसमध्ये, गिरणीत, जत्रेत तो पोरगा भेटणार. सोबत त्याची आई असणार, आणि ती विचारणार, "तुमी कोण वो?" म्हणून आधीच ठरवा: बाहेर भेटलो तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, त्यानं दाखवली तर कॉलेजच्या कार्यक्रमातली ओळख म्हणून सांगायचं. नात्यातला किंवा गल्लीतला कुणी आला तर तो दुसऱ्या उमेदवाराकडं द्या. "घरचाच आहे, मी बघते" म्हणत घेतलेली प्रत्येक केस आमच्याकडं बिघडली आहे.

जीव द्यायची भाषा आली तर

सरळ विचारा. "जीव द्यावा, मरून जावं असं मनात येतं का?" कन्नडमध्ये, "सायबेकु अनसतैतेनु?" विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बांध फुटतो. हो म्हणाला तर घाबरलेला चेहरा करू नका, शपथा घालू नका, "आईचा विचार कर" म्हणू नका. कधी येतं, कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, हे विचारा. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. तिथूनच सुपरव्हायझरला फोन, त्याच्याच मदतीनं निवडलेल्या घरातल्या एका मोठ्या माणसाला बोलावणं, धोक्याची वस्तू त्याच्यापासून दूर करायला सांगणं, आणि दवाखाना. कुणीच उचललं नाही तर १४४१६, टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, रात्री-बेरात्रीही चालते, मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येतं. स्वतः एकदा आधी फोन लावून बघा, म्हणजे कुठलं बटण दाबायचं ते दुसऱ्याला सांगता येतं. काही घडलंच असेल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर.

"पोलीस केस होते" या भीतीनं घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं सांगितलंय. जुन्या दंड संहितेतला आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसा राहिलेलाच नाही. हे दोन मुद्दे पाठ करा. दवाखान्याच्या दारात ते सांगायची पाळी येते.

त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा तास झालाच पाहिजे. आठवडा थांबायचं नाही.

पुढं पाठवणं

दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कानात आवाज येतात, नशा सुटत नाही, किंवा वरचं काही असेल तर तुमचं काम जोडायचं. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराचा विभाग आहे, तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ येतात, तो वार आधी विचारून ठेवा. गुंतागुंतीचं असेल तर धारवाडची डिमहान्स, म्हणजे मनाच्या आजारांची सरकारी संस्था. पण आमच्याकडं "ह्याला धारवाडला न्या" ही शिवी आहे. म्हणून नाव घेतल्या घेतल्या घर बिथरतं. आम्ही आधी सिव्हिलला नेतो, "झोपेच्या डॉक्टरला दाखवू या" म्हणत नाही. खोटं बोलून नेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. पहिल्या वेळी स्वतः सोबत जा. केसपेपर कुठं काढायचा, कुठल्या खोलीबाहेर बसायचं, फॉर्म कन्नडमध्ये आहे तो कुणी भरायचा, इथंच लोक परत फिरतात. गोळ्यांबद्दल तुम्ही काही बोलू नका, "डॉक्टरला विचारू" एवढंच.

वर्ष संपताना

सर्टिफिकेटवर किती तास, कसलं काम, कुणाच्या देखरेखीखाली, हे लिहून घ्या. नुसतं 'उत्तम काम केले' पुढं कुठं चालत नाही. पुढं शिकायचं तर एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्र. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, वर्षभराच्या उमेदवारीवर घराबाहेर 'समुपदेशक' अशी पाटी लावू नका. आमच्या एकानं लावली होती. मॅडमनी स्वतः जाऊन काढायला लावली. आणि पुढं हे काम करायचं नाही असं ठरलं तरी काही बिघडत नाही. आमच्यातला एक आता केएसआरटीसीत कंडक्टर आहे, एकीनं मराठी शाळा धरली.

शेवटचे दोन महिने सोपवासोपवीला ठेवा. जी पोरं अजून येतात त्यांना महिनाभर आधी सांगा की मी जाणार आहे, कुठल्या तारखेला आणि का. शेवटच्या दोन भेटींना नवीन उमेदवाराला बाजूच्या खुर्चीत बसवा, तुम्ही पहिल्या महिन्यात बसला होता तसं. पोरं रुसतात, एखादा यायचाच बंद होतो. त्याला एकदा मेसेज करा, ऑफिसच्या फोनवरून. कपाटाची किल्ली आणि वही परत द्या, सही घ्या, आणि शेवटचा तास चुकवू नका. बहुतेकजण त्या दिवशी घाईत असतात.